तीन नंबरचं गाणं

साक्षीदार ‘नाही’ म्हणाला होता. न्यायाधीश साहेबांनी जबाब टाइप करायला सांगतानाही तो शब्द म्हटला असणार, कारण नांदेडच्या त्या कोर्टहॉलमधल्या दोन्ही वकिलांनी तो ऐकला होता. फक्त वर्षाराणीच्या कॉम्प्युटरवर तो उमटला नव्हता. ‘मी ट्रकचा नंबर पाहिला,’ एवढंच तिनं टाइप केलं होतं आणि पुढच्या वाक्याची वाट बघत ती बसून राहिली होती. जबाब वाचून दाखवल्यावर बिलोलीकडचा तो म्हातारा गोंधळला. “न्हाई साहेब, म्या नंबर पाह्यलाच न्हाई. लई धूळ व्हती,” तो हात जोडून म्हणाला. साहेबांनी मान वळवली. “मॅडम, ‘नाही’ राहिलं.” आवाजात राग नव्हता. तेरा वर्षांत या स्टेनोकडून एक शब्द सुटला नव्हता, त्याचं थोडं आश्चर्य होतं, इतकंच. तिनं ‘नाही’ घातलं. मग तिच्या ध्यानात आलं, की साहेबांचे ओठ हलताना दिसले म्हणूनच ते बोलताहेत हे तिला कळलं होतं. ते तिच्या डाव्या हाताला, उंचावर बसत. डावीकडून काहीच येत नव्हतं. पदर सावरल्यासारखं करून तिनं कानापाशी चुटकी वाजवली. चुटकी बोटांना कळली, कानाला कळली नाही. सकाळी अंघोळ करताना कानात पाणी गेल्यासारखं वाटलं होतं. ते पाणी नव्हतं.

दवाखान्यात तिला काचेच्या एका लहानशा खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला बारीक बारीक शिट्ट्या ऐकू आल्या, अगदी लांबून, शेतातून कुणी बोलावतंय तशा, आणि ती दाबत गेली. मग शांतता झाली. बराच वेळ काही येईना, तेव्हा तिनं काचेपलीकडच्या मुलीकडे पाहिलं. ती मुलगी चकत्या फिरवत होती, म्हणजे आवाज सोडत होती. वर्षाराणीनं एकदा खोटंच बटण दाबलं. मुलीनं वर पाहिलं, हसली, आणि पुन्हा खाली मान घातली. खोटं पकडलं गेलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. डॉक्टर म्हणाले, “कानाची नस कधीकधी अशी अचानक बसते. कारण सापडतंच असं नाही. गोळ्या सुरू करू. दोन-तीन आठवड्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं.” कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “हेडफोन लावता का? काय ऐकता?” ती म्हणाली, “गाणी.” त्यांनी पुढं विचारलं नाही ते बरं झालं. छत्तिसाव्या वर्षी, कपाळाला टिकली लावून, जिल्हा न्यायालयात नोकरी करणारी बाई अमेरिकेतल्या चार पोरांची आरडाओरड ऐकते हे कुणाला सांगणार? ते सांगायचं झालं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

त्या बँडचं नाव ‘द लेट बसेस’. नवऱ्याला, सिद्धलिंगला, तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, “म्हणजे आपल्या एसटीवाल्यांचा बँड का?” आणि पुढं कधी त्यानं त्या वाटेला जायचा प्रयत्न केला नाही. तो वीज कंपनीत होता, भला माणूस होता, रविवारी ती कपड्यांच्या घड्या घालताना कानात वायर अडकवून ओठ हलवत असली की टीव्हीचा आवाज कमी करायचा. त्या उन्हाळ्यात बँडनं जाहीर केलं होतं की आता बास, आम्ही थांबतो. त्यांच्या पानावर जगभरातले लोक आपापली पाच आवडती गाणी लिहीत होते, आणि वर्षाराणीही तीन महिने मनात यादी करत होती. दुसऱ्या अल्बममधलं ते हिवाळ्यातलं गाणं, ज्यात ड्रमवाला एका जागी चुकतो आणि त्यांनी ती चूक तशीच ठेवली आहे. वडिलांच्या गॅरेजवरचं संथ गाणं. तिचे वडील, भुजंगराव, गेले त्या महिन्यात तिनं ते रोज ऐकलं होतं, जरी गाण्यातल्या बापाचा आणि चाकूर तालुक्यात चाळीस एकर राखणाऱ्या बापाचा काही संबंध नव्हता. पाचव्या अल्बमचं शेवटचं, ज्यात ते पहिल्यांदा थकलेले वाटतात. शिट्टीचं गाणं. चार झाली होती. पाचवं कुठलं ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण ते लिहायला हात धजत नव्हता. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं तेच लावलं. तीन नंबरचं. गाणाऱ्याचा आवाज उजवीकडून आला, प्रश्न विचारल्यासारखा, आणि त्याच्या ओळीनंतर जिथं दुसरा आवाज उत्तर देतो तिथं कोरं राहिलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा कोरं. तिनं वायर काढली. हे गाणं असं एकदा कुणीतरी ऐकलं होतं, तिला वाटलं. असंच, अर्धं.

लातूरला औसा रोडजवळच्या एका खासगी हॉस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं, बारावीच्या वर्षी, क्लास सुटल्यावर चार ते पाच. उजमाच्या आणि तिच्या मध्ये एक वायर. अंगठ्याएवढा तो प्लेअर वर्षाराणीचा होता. मामेभाऊ अमरेश हैदराबादला इंजिनीअरिंगला होता, त्यानं दिवाळीत दिलेला. त्यात बारा गाणी, नावं नाहीत, नुसते आकडे. हॉस्टेलमध्ये असलं काही ठेवायला बंदी होती. डावं टोक वर्षाराणीच्या कानात, उजवं उजमाच्या, कारण उजमाला भिंतीकडं बसायला आवडायचं. सकाळी सहापासून भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, पुन्हा रसायन. हजारभर पोरं एकाच मांडवाखाली बसून एकच गणित सोडवताहेत. आणि मग ही बारा गाणी, ज्यात कुणालाच काही सोडवायचं नव्हतं. इंग्रजी कळायचं नाही. तरी त्यांनी एका वहीत ती गाणी ऐकू येतील तशी उतरवायला घेतली होती. तीन नंबरच्या पानावर एक ओळ उजमाच्या अक्षरात, मग एक ओळ वर्षाराणीच्या, मग पुन्हा उजमाच्या. “तुला हे ऐकू येत न्हाई?” उजमा विचारायची. “न्हाई. मला फक्त मधूनमधून एकजण बोलल्यासारखा येतो,” ती म्हणायची. दोन्ही बाजू वेगवेगळ्या आहेत हे कळायची अक्कल तेव्हा नव्हती. दोघींना वाटायचं, दुसरीचा कान जास्त तिखट आहे. उजमा हुशार होती. तिचे वडील, निजामोद्दीन, उदगीरला घड्याळं दुरुस्त करायचे, आणि बोलताना ती बोटं अशी धरायची जणू चिमट्यात बारीक स्क्रू आहे. ती डॉक्टर होणार हे सगळ्या हॉस्टेलनं धरून चाललेलं होतं.

फेब्रुवारीत, परीक्षेला वीस दिवस असताना, भर दुपारी रेक्टरबाईंनी खोल्या तपासल्या. प्लेअर उजमाच्या उशीखाली सापडला. आदल्या दिवशी तिनं ऐकायला मागून घेतला होता. “हे कुणी दिलं?” बाईंनी विचारलं. उजमानं वर्षाराणीकडं पाहिलं. वर्षाराणीच्या हातात धुण्याची बादली होती, ओल्या कपड्यांनी भरलेली, आणि तिची कडी तळव्यात रुतत होती. पुढं एकोणीस वर्षं त्या पाहण्याचा विचार करताना तिला नेहमी कडीच आधी आठवे. उजमाचं पाहणं आरोपाचं नव्हतं. पुढची ओळ तुझी, असं ते होतं. भुजंगरावांनी तिला सोडताना सांगितलं होतं, एक जरी तक्रार आली तरी ट्रंक उचलून घरी आणीन आणि वैशाखात लग्न लावून देईन; आणि ते बोलले ते करत. बादली खाली ठेवायला हवी, असं तिला वाटत राहिलं. ती खाली ठेवली की मग बोलता येईल. “पोरानं दिलं ना?” बाई म्हणाल्या. “कोणता पोरगा?” उजमा काहीच बोलली नाही. ती गप्प आहे, म्हणजे पोरगा आहे, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी निजामोद्दीन एसटीनं आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी बाईंना सलाम केला, उजमाची ट्रंक एका हातानं उचलली, प्लेअर दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळून घेतला, आणि जाता जाता वर्षाराणीला म्हणाले, “बेटा, तू अभ्यास कर.” तिनं अभ्यास केला. गुण एवढे कमी पडले की भुजंगरावही रागावले नाहीत. ती नांदेडला काकांकडं राहून स्टेनोचा कोर्स करायला गेली, म्हणजे जे वाचवण्यासाठी ती गप्प राहिली होती ते वाचलंच नाही.

कोर्सच्या दुसऱ्या वर्षी एका सायबर कॅफेत, आकडा नव्हे तर खरं नाव लावून ते गाणं सापडलं तेव्हा तिनं पहिल्यांदा दोन्ही कानांनी ते ऐकलं. उजव्या बाजूला एक माणूस होता. सबंध वेळ तिथंच होता. वहीतल्या उजमाच्या ओळी त्याच्या होत्या. तो मित्राच्या जिन्यावर बसून म्हणत होता की दार उघडलंस तर काय बोलू ते मला ठाऊक नाही, आणि डावीकडचा म्हणत होता, मग जाऊ नकोस, बस तिथंच. तिनं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळू नये म्हणून तोंडावर ओढणी धरली. त्यानंतर ती त्या बँडची झाली. त्यांचा नवा अल्बम आला की तिला पाळी चुकल्यासारखी धडधड व्हायची. हे प्रेम होतं की आणखी काही, हे तिनं कधी तपासलं नाही. चार वर्षांपूर्वी मोबाइलवर लातूरच्या एका क्लासचा व्हिडिओ समोर आला: फळ्यापुढं जांभळी ओढणी घेतलेली बाई, बोटं तशीच, चिमट्यात स्क्रू धरल्यासारखी. ‘उजमा मॅडम, गणित.’ वर्षाराणीनं तिचे इंटिग्रेशनचे बावीस व्हिडिओ पाहिले. एकदाही खाली काही लिहिलं नाही.

आठ दिवसांनी पुन्हा कानाची तपासणी झाली. जाड आवाज थोडे परत आले होते, बारीक नाहीत. ऑफिसनं तिला नकला विभागात बसवलं. तिथं ऐकण्याचं काम नव्हतं. सिद्धलिंग आता तिच्या उजव्या बाजूनं चालायला लागला होता, न सांगता. “तू काय विचार करून राहिलीस सारखा?” त्यानं संध्याकाळी चहा देताना विचारलं. “कान येईल. डॉक्टर म्हणाले ना.” ती म्हणाली, “मला लातूरला जायचंय. एका मैत्रिणीकडं.” “मी येऊ?” “नको.” त्यानं कपातली साय बोटानं बाजूला केली. “तिचं तुझ्याकडं काही राहिलंय का?” ती म्हणाली, “हो.” क्लासच्या नंबरावर फोन केला तेव्हा तिनं मोबाइल सवयीनं डाव्या कानाला लावला, आणि पलीकडं कुणीच नाही असं वाटून ठेवणारच होती. मग बाजू बदलली. “हॅलो, कोण बोलतंय?” असा आवाज चालू होता, कितव्यांदा कोण जाणे. तिनं नाव सांगितलं. पलीकडं पंखा फिरत होता. “हां,” उजमा म्हणाली. “मंगळवारी मला क्लास नसतो.”

एसटीत तिनं खिडकी अशी निवडली की बहिरी बाजू बाहेर राहील आणि माणसं चांगल्या कानाकडं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. सोयाबीन निघून गेलेली रानं काळी उघडी पडली होती, तुरी तेवढ्या उभ्या होत्या. चाकूरला गाडी दहा मिनिटं थांबली आणि तिला भीती वाटली की ओळखीचं कुणी चढेल आणि विचारेल, कुठं निघालीस. तिनं मनात वाक्यं जुळवून पाहिली. तेरा वर्षं तिनं दुसऱ्यांची वाक्यं घेतली होती. माणसं कशी सुरुवात करतात ते तिला माहीत होतं. घाबरलेला माणूस आधी तारीख सांगतो. दोषी माणूस आधी हवामान सांगतो. तिला स्वतःला तारीखही सुचत होती आणि त्या दिवशीचं ऊनही. त्याच्यापुढं काही सुचत नव्हतं.

गंजगोलाईपासून रिक्षानं दहा मिनिटांवर घर होतं. खाली उजमाच्या नवऱ्याचं, शारिकचं, जळालेल्या कूलर-मोटारींत नवी तार भरायचं दुकान आणि वर दोन खोल्या. उजमा जाड झाली होती, चष्मा आला होता. तिनं पाणी दिलं आणि समोर बसली. वर्षाराणीनं न हवामान सांगता, न तारीख सांगता म्हटलं, “प्लेअर माझा होता, हे मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं.”

“पाहिजे होतं,” उजमा म्हणाली. तिनं डोळे खाली केले नाहीत. “मी अब्बाला सांगितलं होतं गं. घरी गेल्यावर, त्याच दिवशी. मैत्रिणीचा हाय म्हणलं. ते म्हणले, मैत्रिणीचा असता तर मैत्रीण बोलली असती. त्याला मी काय उत्तर देणार? मला बी तेच वाटलं होतं. तू खालच्या दरवाजापर्यंत आली होतीस. मला वाटलं, आता बोलशील. ट्रंक रिक्षात ठेवली तरी वाटत होतं.”

“मला...” वर्षाराणी म्हणाली, पण बापाची भीती, बादली, वीस दिवसांवरची परीक्षा, हे सगळं तोंडात येऊन इतकं लहान झालं की तिनं ते गिळलं. “कारण होतं,” ती म्हणाली. “पण पुरेसं नव्हतं.”

“अब्बांनी दोन वर्षं घराबाहेर सोडलं न्हाई. मग उदगीरलाच बीएस्सी केलं. मारलं न्हाई, बोलले बी न्हाईत. फक्त रोज माझ्या तोंडाकडं बघायचे, कधीतरी सांगेल म्हणून. कोण पोरगा ते.” उजमानं चष्मा काढून ओढणीनं पुसला. “सहा वर्षं झाली अब्बा जाऊन. अम्मी हाय. आत बसलीय. मला तुझी माफी नको वर्षे. तिला सांग.”

आतल्या खोलीत वहिदाबी पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. पंच्याहत्तरीच्या, हातावरची कातडी कागदासारखी. उजमानं त्यांच्या शेजारी स्टूल ठेवलं आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली. वर्षाराणी बसली, आणि आपल्या डाव्या बाजूला ही बाई आली हे ध्यानात येऊन उठून पलीकडं गेली, म्हातारीला वाटलं पाहुणी निघाली, त्या म्हणाल्या, “बैठ ना माँ.” मग तिनं सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, प्लेअर कुणी दिला ते सांगितलं. तो आपला होता. उशीखाली तो मागून घेतलेला होता. पोरगा नव्हता, कुठलाच पोरगा नव्हता, आणि हे सांगू शकणारी तिथं ती एकटीच होती, तरी ती गप्प उभी राहिली. आवाज किती मोठा निघतोय ते तिला कळत नव्हतं. आताशा स्वतःचा आवाज तिला एकाच बाजूनं यायचा. तिचं बोलणं संपलं तरी वहिदाबींची बोटं काड्या आणि पानं वेगळी करत राहिली.

“गाणे थे उसमें?” त्यांनी विचारलं.

“हाव. बारा.”

“लगा.”

वर्षाराणीनं उजमाकडं पाहिलं. उजमा म्हणाली, “तीन नंबर लाव.”

तिनं मोबाइल पलंगावर ठेवला. गिटारी एकदम अंगावर आल्या, ड्रम आले, मग तो गाणारा ओरडू लागला. उघड्या आवाजात दोन्ही बाजू एकाच छिद्रातून येत होत्या, प्रश्न आणि उत्तर एकमेकांत मिसळून, आणि तिच्या चांगल्या कानाला ते सगळंच्या सगळं ऐकू आलं. दाराशी उजमाचे ओठ हलत होते. कळत नसलेल्या त्या ओळी, वहीत उतरवल्या होत्या तशाच चुकीच्या, तिला पाठ होत्या. वहिदाबी मान किंचित कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, दुखणं सांगणाऱ्याचं ऐकावं तशा. गाणं थांबलं. खालच्या दुकानातला हातोडा ऐकू आला.

“बस?” त्या म्हणाल्या. “इत्ताच था?”

“हाव अम्मी,” उजमा म्हणाली. “इतकंच होतं.”

वहिदाबींनी निवडलेली मेथी परातीत सारली. “हेच,” त्या म्हणाल्या, आता मराठीत, पाहुणीला नीट कळावं म्हणून. “हेच ऐकत बसायचे ते. दुकान बंद करून, कानात घालून. सगळे गाणे ऐकले त्यांनी, कितीतरी दिवस. काय ऐकता म्हणलं तर म्हणले, ह्याच्यात पोरगं वरडतंय. रडून बोलतंय काहीतरी. नाव सांगंल, म्हणले, कुठंतरी नाव सांगंल. इंग्लिश येत न्हाई ना आमाला. मशीन खराब हून गेलं तर त्यांनीच उघडून दुरुस्त केलं आन् पुन्हा ऐकले.”

उजमा दारापासून हलली नाही. हे तिला माहीत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. एकोणीस वर्षं वर्षाराणीनं तो प्लेअर फुटलेला कल्पिला होता, विहिरीत टाकलेला, दगडानं ठेचलेला. भिंतभर घड्याळांखाली बसून, डोळ्याला भिंग लावायच्या त्या खुर्चीत, एक बाप दोन्ही कानांनी ती बारा गाणी ऐकतोय, असं काही तिच्या कल्पनेत कधी आलं नव्हतं. तिच्याइतकी ती गाणी मराठवाड्यात आणखी कुणी ऐकली असतील असंही कधी वाटलं नव्हतं.

“मरेपर्यंत त्यांच्या मनात ते राह्यलं,” म्हातारी म्हणाली. “पोरगी चांगली हाय म्हणायचे. लई शिकली म्हणायचे. नाव तेवढं सांगितलं न्हाई तिनं, म्हणायचे.” तिनं पहिल्यांदा वर्षाराणीकडं सरळ पाहिलं. “क्या नाम है उसका? ह्या वरडणाऱ्याचं?”

“जोना,” वर्षाराणी म्हणाली. “जोना म्हणतात त्याला.”

“जो-ना?” म्हातारीला तो शब्द धरता येईना. तिनं लेकीकडं बघितलं.

“यूनुस, अम्मी,” उजमा दारातून म्हणाली. “त्यांच्यात जोना म्हणतात. आपल्यात यूनुस.”

“यूनुस,” वहिदाबी म्हणाल्या. आता ते त्यांना नीट जमलं. मांडीवरची माती त्यांनी झटकली, आणि परात पुढं ओढली. “अच्छा नाम है. आता तिकडं गेल्यावर सांगीन त्यांना. पोरगं नव्हतंच, हे बी सांगीन. पण नाव आधी इचारतील ते. यूनुस म्हणून सांगीन.”